मशीनची आंघोळ

दोरी अकराव्यांदा ओढली, तरी मशीन ढिम्म. शालूच्या तळहाताला फोड आला होता.

धान कापायची ही मशीन कोंढ्याच्या बचत गटातल्या शालूसकट नऊ बायांनी मिळून घेतली होती. आज तिचं पहिलंच काम, तुलारामच्या धानाच्या बांधीत. इथं चालली तर गावातली बाकीची कापणीही मिळणार होती. बंद पडली तर एकही नाही, कारण अर्धं गाव तमाशा बघायला शेताच्या कडेला धुऱ्यावरच उभं होतं. दुसरे कामधंदे नव्हते मेल्यांना!

"मी आधीच म्हणलो होतो," तुलाराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बायकाइच्या हाती मशीन द्याची नाही. दहा वाजेपर्यंत पाहातो. मंग हार्वेस्टरवाल्याले फोन लावतो."

मंगेश मेकॅनिक येऊन बघून गेला होता. 'इंजिन गेलं, दुकानात आणून टाका, आठ दिवस लागन,' एवढं बोलून तोही गर्दीत जाऊन उभा राहिला. आठ दिवसांत कापणी कोणासाठी थांबते?

शालूनं त्याचं ऐकलं नाही. भंडाऱ्याच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात बाकीच्या चहाची वाट बघत असताना ती वहीत लिहून घेत होती. तिनं नळी काढली आणि टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलं. थोड्या वेळात बाटलीत दोन थर झाले. वर पिवळं पेट्रोल, खाली तीन बोटं पाण्यासारखं काहीतरी.

"पंपावाल्यानं पाणी घातलं!" गटाच्या अध्यक्ष देवकाबाई ओरडल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. गर्दीनंही माना डोलावल्या. पंपवाल्याला शिव्या घालायला कोणाला आवडत नाही!

शालू मात्र टाकीच्या झाकणाकडे बघत राहिली. झाकणावर हळदीकुंकू तसंच होतं. दसऱ्याला नऊ जणींनी मशीनला डोक्यावरून आंघोळ घातली होती, एकदोन नाही, चांगल्या सात बादल्या. मग पूजा, मग आरती. आणि झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं.

"काकी, पंपावाल्याचा दोष नाही," ती म्हणाली. "पाणी आपणच घातलं. दसऱ्याले."

देवकाबाईंनी तिचा दंड दाबला. "हळू बोल ना वं! कायले आपलीच इज्जत घालवून राहिली?"

"खोटं बोललो तं पुढच्या दसऱ्यालेही हेच करू," शालू म्हणाली. मग गर्दीकडे वळून तिनं बाटली उंच धरली. "आताच्या पेट्रोलमधी इथेनॉल रायते. पाणी भेटलं का ते पाण्यासंगं तळाले जाऊन बसते. इंजिन तळातलंच ओढते. मंग पेटन कशानं?"

धुऱ्यावर हशा पिकला. "बाया मशीनलेही न्हाऊ घालते!" कोणीतरी ओरडलं. शालूचे कान तापले. लाज वाटली, खूप वाटली. आणि मग तिला असा राग आला की लाज कुठल्या कुठे पळाली. हसा म्हणावं!

तिनं टाकी पार कोरडी केली. कार्बोरेटरची वाटी उघडून ओढणीच्या टोकानं पुसली. कालच भरलेल्या स्वतःच्या स्कूटीतून नळीनं पेट्रोल काढलं आणि टाकीत ओतलं. दहा वाजले. तुलारामनं फोन कानाला लावला.

शालूनं दोरी ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मशीन खोकली, पांढरा धूर सोडला आणि धडधडायला लागली.

ती कोणाकडे न बघता बांधीत शिरली. उभं धान एका अंगाला ओळीनं आडवं होत गेलं. ती पलीकडच्या धुऱ्यापर्यंत गेली, वळली आणि परत आली. आता कोणी हसत नव्हतं. तुलारामनं फोन खिशात टाकला होता, पण गप्प बसेल तर तो तुलाराम कसला?

"म्हणजे मी म्हणलो तेच खरं ना," तो म्हणाला. "बिघडवली तुमीच!"

"हो, आमीच!" शालूनं इंजिनाच्या धडधडीच्या वर आवाज चढवला. "सांगा गावभर. पण सुधरवली कोणं, तेही एवढ्याच जोरानं सांगजा!"