सातवा नंबर

नेडीनचा जन्म झाला त्या वर्षी तिचे वडील आणि क्लाइडकाका यांनी सिनसिनाटीतल्या घरी, गॅरेजच्या भिंतीवर, आपल्या बेसबॉल संघाच्या आजवरच्या पंचवीस थोर खेळाडूंची यादी पेन्सिलीने लिहिली. नियम एकच होता. दोघा भावांचं एकमत झाल्याशिवाय संघातल्या आजच्या खेळाडूचं नाव त्या यादीत चढवायचं नाही.

आता घर विकलं गेलं होतं आणि उद्या रंगारी ती भिंत पांढरी करणार होता. नेडीन पेन्सिल घेऊन गॅरेजमध्ये आली, तोवर दोघांची जुंपलीच होती.

“बेल्मोंतेला सातवा नंबर दे, क्लाइड. या उन्हाळ्यात चाळीस होमरन मारलेत त्याने!”

“सातवा? डोकं फिरलंय तुझं. पंचविसावा दिला तरी उपकार समज.”

“तू मेलास तरी सुधारणार नाहीस.”

“बाबा, काका, पुरे झालं,” नेडीन म्हणाली. “उद्या ही यादीच राहणार नाही. काय ते आत्ता ठरवा.”

मग काकांनी घसा खाकरला.

“लिही बाई, सातवा. पण हलक्या हाताने लिही, पुढच्या वर्षी खोडावं लागेल.”

नेडीनने नाव लिहिलं. मागे वळून मात्र तिने पाहिलं नाही.



क्लाइडकाका १९९४च्या ऑगस्टमध्ये वारले, आणि बाबा यंदाच्या मार्चमध्ये, बेल्मोंते संघात येण्याआधीच.