आत्याच्या वहीतली नोंद

रविवारी सकाळी नऊ चाळीसला आईने शिट्टी वाजवली आणि घरातली भूकंपाची सहामाही तालीम सुरू झाली.

वडिलांनी गॅस बंद केला, मेन स्विच पाडला. आईने पाणी, औषधं आणि कागदपत्रांची पिशवी उचलली. सात वर्षांच्या छोटीने दप्तर पाठीला लावलं, पण बुटाची नाडी काही तिला बांधता येईना.

"भूकंप तुझ्या नाडीसाठी थांबणार आहे का गं?" आई म्हणाली.

चार मिनिटांत तिघं तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या फुटपाथवर आली. संकटात परगावच्या आत्याला कळवायचं आणि तिने वेळ टाकून लिहून ठेवायचं, असा घरचा नियम होता. वडिलांनी पिशवीतला बंद मोबाइल काढून सुरू केला.

"ताई, लिहून घे. तिघंही सुखरूप."

आत्या रडत होती. "अरे, आत्ताच तर तू म्हणालास, आम्ही दोघं निघालो, छोटी आतच राहिली. लिहिलंय मी. नऊ एकेचाळीस."

"फोन बंद होता माझा. छोटी इथेच आहे, माझा हात धरून."

"आत्या, सगळ्यात आधी मी उतरले!" छोटी ओरडली.

पलीकडचं रडणं थांबलं.

"अरे," आत्याने हळूच विचारलं, "हे कोण बोलतंय?"

सव्वादहाला तिघं अजून फुटपाथवरच होती. आई तिसऱ्या मजल्याकडे बघत होती. छोटी पुन्हा पुन्हा हात पुढे करत होती. वडिलांनी तो धरला नव्हता.