फौजदाराला सोबत

"हा बी गेला?" इरावतीबाईंनी विचारलं.

"गेला," हंबीरराव म्हणाले आणि काउंटरजवळच्या स्टुलावर बसले. "रातीत शेपटी कुरतडली बघा फौजदारानं. सकाळी तरंगत हुता."

इरावतीबाईंचं माशांचं दुकान राजारामपुरीतल्या एका गल्लीत. मासे खायचे नव्हेत, पाळायचे, आणि तेही समुद्रातले. नवरा गेल्यावर बाईंनीच दुकान चालवलं. कुठला मासा कुणाबरोबर नांदेल हे त्या सांगायच्या आणि शौकीन मंडळी निमूट ऐकायची.

फौजदार म्हणजे हंबीररावांच्या टाकीतला ट्रिगर मासा. वीतभर लांब, निळाकाळा, दातांचा पक्का. अख्खी टाकी आपल्या एकट्याची जहागीर असल्यागत वागणारा.

"नवलच म्हणायचं," बाई म्हणाल्या. "पिवळा दिला तो अंगानं त्याच्या तोडीचा. काटेवाला दिला, त्याला तोंड लावायची कुणाची छाती होत न्हाय. आता हा लाल पट्ट्याचा बी? नवा सोडायच्या आधी दगडं हलवलीसा न्हवं? जुन्याला आपली जागा ओळखू आली की तो नव्याला टिकू देत न्हाय."

"हलवली की. तुम्ही सांगितल्यालं तस्संच."

"आणि फौजदाराचं पोट भरून मग सोडला?"

"व्हय की."

बाईंनी चहा सांगितला. मग बोलणं माशांवरनं बाईंच्या गारगोटीच्या माहेरावर गेलं, तिथनं हंबीररावांच्या गुळाच्या अडतीवर, तिथनं कुठल्या कुठं. हंबीरराव हसले, दोनदा मोठ्यानं हसले. उठताना म्हणाले, "झिंग्याची पाकिटं द्या. जरा जास्तच द्या."

"एकट्या फौजदाराला?"

"लई खातंय बेणं."

बाईंनी पाकिटं मोजून बांधून दिली.

आता खरं ते सांगून टाकावं. हंबीररावांच्या टाकीत आजवर एकही मासा मेला नव्हता. पिवळा, काटेवाला, परवाचा हा लाल पट्ट्याचा, सगळे ठणठणीत होते. फौजदार प्रत्येक नव्या पाहुण्यावर थोडा फुरफुरायचा आणि मग गप्प व्हायचा. बाईंची निवडच तशी होती आणि तिथंच हंबीररावांची पंचाईत झाली. टाकी जमली की दुकानात जायचं निमित्त संपलं. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोण? पोरगा पुण्यात, त्याचा फोन कायम घाईतला. दर गुरुवारची दुकानातली ती संध्याकाळ एवढीच काय ती माणसात बसायची. तिच्यासाठी त्यांनी पहिली थाप मारली, मग दुसरी. आता थापांना आवर घालणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. खोटं उघडं पडलं तर त्या स्टुलावर पुन्हा बसायला तोंड राहणार नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ते पायरी उतरले तेवढ्यात मागनं बाईंचा आवाज आला.

"हंबीरराव, रविवारी सकाळी मीच येते घरला. टाकी डोळ्यांनी बघितल्याबिगर आता मासा देणार न्हाय."

"या की," हंबीरराव म्हणाले. मग मनातल्या मनात घरातल्या बादल्या मोजत घरला गेले.

रविवारी उजाडल्यापासून घरात धांदल उडाली. न्हाणीघरात बादल्या मांडल्या, त्यात टाकीतलंच पाणी भरलं. काटेवाल्याचे काटे विषारी, म्हणून त्याला पातेल्यानं धरायचा. पिवळा दगडामागं जाऊन बसला तो काही केल्या येईना. हंबीरराव कोपरापर्यंत भिजले. सैपाकाला येणारी अंबूबाई दारात कमरेवर हात ठेवून बघत उभी होती.

"मालक, उभ्या जन्मात वजनात खोट केली न्हाईसा, आन् आता माशांची खोटी मयतं सांगतासा व्हय?"

"गप बस गं. त्या आल्या की भांडी घासायला बस, आणि जरा आवाज करत घास."

"लाज बी कशी वाटंना!" अंबूबाई म्हणाली, पण बादल्यांवर ताटल्या तिनंच झाकल्या.

इरावतीबाई आल्या. चप्पल काढून सरळ टाकीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. टाकीत फौजदार एकटाच इकडनं तिकडं फिरत होता. बाईंनी वाकून दगड बघितले, पाण्याचा वास घेतला.

"दांडगा दिसतोय खरा," बाई शेवटी म्हणाल्या.

"मग! मी काय खोटं बोलतोय?"

पोहे झाले, चहा झाला. न्हाणीघरात एकदा डुबुक्कन वाजलं आणि अंबूबाईनं ताबडतोब कढई आपटली. बाईंनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. त्या अडतीचं विचारत होत्या, पोराचं विचारत होत्या, भिंतीवरच्या फोटोतल्या वहिनींचं विचारत होत्या. वहिनींबद्दल इतक्या मायेनं गेल्या कैक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. हंबीररावांना भरून आलं आणि स्वतःची शरमही वाटली. खरं सांगून मोकळं व्हावं असं एकदा ओठांवर आलं, पण धीर झाला नाही.

"मग पुढं कुठला द्यायचा म्हणतासा?" त्यांनी विचारलं.

"बघू," म्हणून बाई उठल्या.

हंबीरराव फाटकापर्यंत सोडायला गेले. बाईंनी पदर खोचला, स्कूटरला किल्ली लावली. निभावलं एकदाचं, असं वाटून हंबीररावांचा जीव भांड्यात पडला.

"येते," बाई म्हणाल्या. "बादल्यांतल्यांना आता लगेच टाकीत सोडा, जीव घाबरा झाला असंल बिचाऱ्यांचा. आणि गुरुवारी या. ह्या खेपेला कोण मेलं, ते मात्र घरनंच ठरवून या."