प्रिंटरला हाक

बटण दाबल्यापासून कॉम्प्युटर कामाला लागेपर्यंत कशात किती वेळ जातो, याची नोंद ठेवणारा प्रोग्राम अपेक्षानं रांजणगावच्या कंपनीसाठी लिहिला होता. मांडवगणला घरी आल्यावर तिनं तो आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवून बघितला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा उमटायला लागल्या, तशी तिची आई झुंबरबाई तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवून बघतच राहिली.

"काय लिवतंय गं हे?"

"उठल्या उठल्या एकेकाला हाक मारतंय, आई. कीबोर्ड, हायस का? माऊस, हायस का? त्यानं ओ दिली की पुढच्याला."

"अगं बया! आन् मी मुकं समजत हुते याला."

एवढ्यात एका ओळीवर पडदा अडला.

"आता का थांबलं?"

"प्रिंटरला हाक मारलीय. तो मागच्या वर्षी जळाला, काढून टाकला. याला कुठं म्हाईत? वाट बघतंय आन् मग पुढं जातंय. उगं येळ जातो. थांब, ती हाकच काढून टाकते."

झुंबरबाईनं तिचा हात धरला. "असू दे की. तुझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाईनं रोजच्यासारखी ओसरीवरच्या रिकाम्या बाजेकडं बघून हाक मारली, "अवं, उठलात का?" आणि चूल पेटवायच्या आधी जराशी थांबली.

अपेक्षा रोज म्हणायची, "आई, आबा न्हाईत आता." आज अंथरुणात श्वास रोखून तीही आईबरोबर ओ यायची वाट बघत राहिली.