पालथ्या मुठीचा आधार

“घरी बघितलं, याला संदर्भ म्हणत नाहीत, मॅडम.” धनसिंग सरांनी प्रबंधाचं चौथं प्रकरण हेमलताकडे परत सरकवलं. “छापील आधार आणा. महिनाअखेर माझी सही हवी असेल तर.”

हेमलता उठली. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी मिळत नसते. पन्नाशीला टेकल्यावर पीएच.डी.चं खूळ घेतलेल्या बाईला सासरचं सोनगीर गाव आधीच ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत होतं आणि भेटेल तिथे गुडघ्याचं औषध विचारत होतं.

सगळं प्रकरण एका मुठीवर उभं होतं. श्रावणात खानदेशात कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात. तिच्या सासरी मात्र शेवटची मूठ पालथ्या हातावर घ्यायची पद्धत. ती सासरी गेलेल्या लेकींची. सासूबाईंच्या तोंडून, म्हणजे दगडीबाईंच्या, हे ऐकलं तेव्हा हेमलता नवी नवरी होती. पदर नाकापर्यंत. ओसरीवर कोणी पाहुणा आलेला, त्याचे नुसते बूट दिसत होते. तेवढ्यात घाबरून तिच्या हातून तापलेला तवाही निसटला होता. पण लेकींच्या नावाची मूठ ऐकली आणि पारोळ्याचं माहेर आठवून तिला रडू फुटलं.

त्या रडण्यावर तिने शंभरेक पानं लिहिली होती. ‘पालथा हात ही देऊन टाकलेल्या लेकीला परत मागण्याची मूक खूण आहे,’ असंही एक वाक्य त्यात होतं. ते तिचं इतकं लाडकं होतं, की कधीकधी ती ते आरशासमोर म्हणून बघायची.

ग्रंथालयात निलोफर होती. तिनेच हेमलताला लेखक, साल, पान या क्रमाने संदर्भ लिहायला शिकवलं होतं. स्वल्पविराम अजून चुकायचे.

“काय शोधायचं आज, ताई?”

“मूठ.”

“कोणाची?”

“तेच तर शोधायचंय.”

निलोफरने संगणकावर चार शब्द घातले आणि एक शोधनिबंध निघाला. त्यात पालथी मूठ होती! हेमलता लगेच पेन काढून पान उतरवू लागली. निलोफरने पेनावर हात ठेवला.

“थांबा. यानेही कुठून तरी घेतलंय. खाली टीप बघा. पहिला कोण, तिथपर्यंत जायचं.”

टीप एका पुस्तकाकडे गेली. पुस्तकाची टीप एका जुन्या एम.फिल.च्या लघुप्रबंधाकडे. तो निलोफरने मागच्या कपाटातून शोधून आणला. पुठ्ठा सुटलेला, धूळ नाकात जाणारी. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, ‘दगडीबाई कौतिक पाटील, सोनगीर. प्रत्यक्ष मुलाखत.’ साल हेमलताच्या लग्नाचं.

म्हणजे बूट याचे होते तर.

“ओळखीच्या आहेत का?” निलोफरने विचारलं.

“सासूबाई.”

“अहो ताई, मग घरीच विचारायचं!”

“घरचं चालत नाही गं.”

तिने पानाचा फोटो सरांना पाठवला. ‘उत्तम आधार. जोडा,’ असं उत्तर आलं. तीच सासू, पण पुठ्ठ्यात बांधलेली.

धुळ्याला गाडी बदलून हेमलता सोनगीरला पोचली, ती पेढे घेऊनच. दगडीबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

“आई, तुमचं नाव विद्यापीठात आहे!”

“कसाले? मी काय कयं?”

हेमलताने टीप वाचून दाखवली. दगडीबाई हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, हेमलताने पाणी दिलं, तरी हसू थांबेना.

“तो बूटवाला पोऱ्या! भाकर खाईसनच गया तो.”

“पालथी मूठ लेकींची, हे तुम्हीच सांगितलंत ना त्याला?”

“सांगनं पडनं.”

त्यांनी उजवा हात पुढे केला. तळव्याच्या मधोमध भाजल्याचा एक गुळगुळीत, फिकट डाग होता. या हाताने वाढलेलं हेमलता इतकी वर्षं जेवली होती. हात उघडून कधी पाहिला नव्हता.

“तवा तुन्हा पायवर पडी राहिंता. मी धरी लिन्हा. एक मूठ बाकी व्हती, आनि मोजनारा हात मधमा बदलता येत नही. तळवा जयेल, मूठ वयेना. मंग पालथा हातवर लिन्हा गहू. तो पोऱ्या लगेच इचारस, असं का? मन्हा तोंडमा आलं ते सांगी टाकं.”

हेमलताला आपली शंभर पानं आठवली. आरसाही आठवला.

“पण आई, दुसऱ्या वर्षीही पालथी मूठ घेतली होती. मला पक्कं आठवतंय.”

“तूच लिन्ही. मी म्हनं, पोर मन लाईसन करी राहिनी, करू दे. मंग बठ्ठी गल्ली करू लागनी.”

हेमलता शेंगांजवळ बसली. पहिला कोण, तिथपर्यंत ती पोचली होती. तिथे तीच बसलेली होती, नाकापर्यंत पदर ओढून.

“त्याला खरं का नाही सांगितलंत? आता मी प्रबंधात काय लिहू?”

दगडीबाईंनी एक शेंग फोडून दाणे तिच्या हातावर ठेवले.

“नवी नवरी व्हती तू. परका माणूसपुढे तुन्हं नाव कसं सांगू?” मग पुन्हा हसू आवरत त्या म्हणाल्या, “आते लिख. आते जुनी व्हई गयी तू.”