तीनशे एक

अक्षर लेकीचंच होतं. सहाव्या रांगेतल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातोहात कडेला आला आणि पडद्याच्या उजेडात वरचीच चिठ्ठी पाहून खुर्चीकाकांच्या काळजात धस्स झालं. निळ्या शाईत एकच ओळ होती. 'गेल्या व्याख्यानात प्रश्न विचारणारे तिघं आज कुठं आहेत?'

सकाळीच बजावलं होतं तिला. "बये, आज कोरी चिठ्ठी दे. एक दिवस गप्प बसलीस तर काही बिघडत नाही." सँडलचा पट्टा लावता लावता ती हसली होती. "बाबा, चिठ्ठीवर नाव कुठं लिहायचं असतं?" ही कार्टी बापाचं ऐकेल तर शपथ!

खुर्चीकाका हे नाव पोरांनीच ठेवलेलं. विद्यापीठाच्या सभागृहातल्या तीनशे खुर्च्या हा माणूस दोरी लावून सरळ करायचा. चिठ्ठ्यांवर नंबर घालायची युक्तीही त्यांचीच. प्रत्येक खुर्चीवर एक कोरी चिठ्ठी ठेवायची, तिच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीनं खुर्चीचा नंबर. प्रश्न वाचला गेला की नंबर बघून काका माइक घेऊन नेमके त्या खुर्चीशी हजर. जुने कुलगुरू एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "लोकशाही चालते ती अशा माणसांमुळे." त्या शाबासकीवर काकांनी अकरा वर्षं काढली.

मग शिस्त विभागाचे साहेब आले आणि पहिल्या रांगेत बसू लागले. कुणी कुठल्या खुर्चीवर बसायचं ते ठरलं, त्याचा तक्ता साहेबांच्या मांडीवर आला. चिठ्ठ्या आधी त्यांच्या हातात जाऊ लागल्या. गोड प्रश्न व्यासपीठावर, कडू प्रश्न तपकिरी फाइलमध्ये. गेल्या महिन्यात तीन चिठ्ठ्या फाइलमध्ये गेल्या आणि तीन खुर्च्या रिकाम्या झाल्या. वसतिगृहातल्या खोल्यांना कुलपं, फोन बंद. एका पोराची आई दोन दिवस सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून होती. काकांनी तिला पाणी नेऊन दिलं. नंबर कोण घालतं, हे मात्र सांगितलं नाही. घरीसुद्धा कधी सांगितलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काय?

तिकडं पाहुणे 'जागरूक नागरिक' या विषयावर चांगलेच रंगात आले होते. पडद्यावर चित्रं दाखवायची म्हणून दिवे मालवलेले. साहेबांपर्यंत जेमतेम वीस पावलं.

चिठ्ठी खिशात घालावी तर मोजून तीनशे परत द्याव्या लागत, रिकाम्या खुर्च्यांवरच्यासुद्धा. प्रश्न शाईतला, तो पुसता येईना. नंबर तेवढा पेन्सिलीचा. पण बिननंबराची चिठ्ठी सापडली तर अख्खी रांग बोलावीन, हे साहेबांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं.

काका खांबाआड गेले आणि त्यांनी चिठ्ठी उलटी केली. तिथं काळोखात नंबर दिसत नव्हता. बघायची गरजही नव्हती, लेकीचा एकशे बारा त्यांना पाठ होता. पेन्सिलीच्या टोकाच्या रबरानं त्यांनी कोपरा घासून साफ केला. आता दुसरा नंबर घालायचा. पण कुणाचा? एकशे तेरावर तो जाड भिंगांचा पोरगा बसतो, दर व्याख्यानात खुशाल घोरतो. त्याला काही ठाऊकच नाही, तर विचारून विचारून काय विचारतील? सोडतील. सोडतीलच ना? पेन्सिल कागदाला टेकली आणि तिथंच अडली. पायरीवरच्या त्या बाईचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून हटेना. "हरामखोरा," काका स्वतःलाच म्हणाले, आणि त्यांनी भराभर तीन आकडे लिहून टाकले.

साहेबांनी चिठ्ठ्या मोजल्या. तीनशे भरल्या. मग लिहिलेल्या तेवढ्या बाजूला काढून ते एकेक उलटी करू लागले. त्यांना अक्षराशी काही देणंघेणं नसे, नंबर लागत असे. एका चिठ्ठीवर त्यांचं बोट थांबलं.

"तीनशे एक? काका, खुर्च्या तर तीनशेच ना?"

"दाराशी माझं स्टूल आहे, साहेब. ते धरून तीनशे एक."

"म्हणजे हा प्रश्न तुमचा?"

"हो. माझाच."

बोलून गेल्यावर काकांना वाटलं, यात खोटं तरी काय आहे? महिनाभर हाच प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता.

साहेबांनी चिठ्ठी फाइलमध्ये ठेवली आणि फाइलची नाडी नीट बांधली. "उद्या दहाला माझ्याकडे या. सभागृहाच्या किल्ल्या बरोबर आणा. आणि घरी काही बोलू नका. बायकापोरं उगाच काळजी करत बसतात."

सभागृह रिकामं झालं. काका स्टुलावर बसून राहिले. पोरगी वाचली होती. बस्स, एवढं पुरे होतं.

तेवढ्यात ती धावतच आली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, रागावू नकोस. मी लिहिलाच तो प्रश्न."

"कळलं मला."

"मग असा चेहरा का पाडून बसलायस? नंबर तुझ्या हातचे असतात, ते मला ओळखू येत नाहीत होय? दिवे गेल्यावर मी गुपचूप एकशे अठरावर सरकले. त्या तिघांतल्या एकाच्या रिकाम्या खुर्चीवर. तिथलीच चिठ्ठी लिहिली. आता बसू दे साहेबांना शोधत. त्यांना कुणी म्हणजे कुणीच सापडणार नाही."