फ्रॉकवरचा नंबर

इटलीच्या किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी गाडी प्रत्येक गावात जेमतेम मिनिटभर थांबते, हे कळल्यापासून शर्वरीच्या जिवाला घोर लागला होता. लंडनच्या हॅरो भागातली सहा कुटुंबं सहलीला निघालेली, आणि तिची लेक मुक्ता म्हणजे हात सोडून पळणारी. तिने मुक्ताच्या फ्रॉकांना आतून नावाच्या पट्ट्या शिवायला घेतल्या, खाली घरचा फोन नंबर; मोबाइल तेव्हा नव्हतेच. "अगं, पण हरवलीच तर फोन उचलणार कोण?" नवरा हसला. "आपण सगळेच तिकडे." सुई थांबली. मग तिला कॉव्हेंट्रीच्या प्रमिलामावशी आठवल्या, तिचं बाळंतपण करणाऱ्या. "गुडघे धरलेत त्यांचे, मिनिटभरात कशा उतरतील? सहलीला नकोच विचारायला," सहल ठरवताना शर्वरीच म्हणाली होती. तिने बिचकतच फोन लावला. "मावशी, मुक्ताच्या फ्रॉकवर तुमचा नंबर घालू? पुढच्या महिन्यात इथे कुणीच नसेल." "घाल की. मी दिवसभर फोनपाशीच असते," मावशी म्हणाल्या. "कुठं गं निघालात सगळे?"